रेंज नसली तरी वाचता आलं पाहिजे: जुन्या लॅपटॉपवर गावाचं डिजिटल वाचनालय

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आमचं गाव आहे. ग्रामपंचायतीच्या एका जुन्या खोलीत अभ्यासिका चालते. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी अशा परीक्षांची तयारी करणारी वीस-पंचवीस मुलंमुली तिथे बसतात. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये पुस्तकं होती, पण एकाचं पुस्तक दुसऱ्याला कधी वेळेवर मिळत नव्हतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पीडीएफ, तिचं नाव 'फायनल नवीन २', आत कुठलं पुस्तक आहे ते उघडल्याशिवाय कळायचं नाही. आमच्या घरी तर वेगळंच. बाबा हरभऱ्याच्या जागलीला वावरात जातात, सोबत टॅबलेट नेतात, आणि तिथे रेंजचा पत्ता नसतो. दिवसा घरी मोबाईलवर वाचलेलं पुस्तक रात्री टॅबलेटवर पहिल्या पानापासून उघडायचं.

हे सगळं एका जुन्या लॅपटॉपवर एकत्र आणायला मला जवळपास वर्ष लागलं. त्यातले कितीतरी महिने चुकीच्या मार्गावर गेले. तुमचे तेवढे जाऊ नयेत म्हणून, मी ज्या क्रमाने करायला हवं होतं, त्या क्रमाने लिहिते आहे. संगणकाचं शिक्षण लागत नाही. फाइल एका जागेवरून दुसऱ्या जागी नेता येते, एवढं पुरे.

आधी काय जमवायचं

- एक जुना लॅपटॉप. चार जीबी रॅम चालते. हार्ड डिस्क जुनी असेल तर एसएसडी बसवून घ्या, सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडतो.
- वायफाय राऊटर. त्याला इंटरनेटचं कनेक्शन नसलं तरी चालतं. हे नीट लक्षात ठेवा, पुढे याचा उपयोग आहे.
- राऊटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. आधी राऊटरच्या अ‍ॅडॅप्टरवर व्होल्ट वाचा, मगच घ्या.
- बॅकअपसाठी दोन बाहेरच्या डिस्क. एक नाही, दोन.
- एक जाड वही. पासवर्ड, राऊटरचा पत्ता, कोणतं पुस्तक कुठून आलं, विकत घेतलेल्या ई-पुस्तकांच्या पावत्या आणि लेखकांनी दिलेल्या लेखी परवानग्या, सगळं तिच्यात.

लॅपटॉपऐवजी रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा छोटा संगणक घ्या, असं बरेच जण सुचवतात. विजेचा हिशोब पाहिला तर ते बरोबर आहे. २० वॅटचा लॅपटॉप महिनाभर सतत चालला तर १४ युनिटच्या वर जातात, पाच वॅटच्या पायला साडेतीन-चार पुरतात. तरी खेड्यात मी लॅपटॉपच घ्या म्हणेन. आपल्याकडे लाईन दिवसातून किती वेळा जाईल ते सांगता येत नाही, आणि पायचं मेमरी कार्ड अचानक वीज गेल्यावर खराब होऊ शकतं. लॅपटॉपला बॅटरी असते. लाईन गेली तरी तो चालू राहतो, आणि बॅटरी संपत आली की स्वतःहून नीट बंद होतो. मात्र बॅटरी फुगलेली असेल, झाकण किंवा टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर तो लॅपटॉप चोवीस तास लावून ठेवू नका. बॅटरी बदला.

१. मूळ प्रत कुठे राहणार ते ठरवा

कुठलंही सॉफ्टवेअर उतरवण्याआधी हे ठरवा. संग्रहाचं मूळ एकाच यंत्रावर राहील, आणि त्यात भर घालणारे, नावं दुरुस्त करणारे हात एकाच ठिकाणी असतील. बाकी मोबाईल, टॅबलेट, दुसरा लॅपटॉप, सगळीकडे फक्त प्रती. विहीर एक आणि पाट अनेक, अशी रचना. पाटातून विहिरीत पाणी परत चढवायला जाऊ नका.

मी सुरुवातीला नेमकं उलटं केलं. घरच्या आणि अभ्यासिकेच्या, दोन्ही लॅपटॉपवर एकच फोल्डर एका ऑनलाइन साठवणुकीच्या सेवेतून जोडलं आणि दोन्हीकडून पुस्तकं भरत गेले. एका संध्याकाळी दोन्ही लॅपटॉप एकाच वेळी उघडे होते, त्यात नेट अधूनमधून तुटत होतं. दुसऱ्या दिवशी पाहते तर सूचीच्या फाइलच्या दोन प्रती, एकीत निम्मी पुस्तकं, दुसरीत निम्मी. पुस्तकांच्या फाइल शाबूत होत्या. पण तीन आठवडे बसून लावलेली लेखकांची नावं आणि विषय गेले. असं का होतं ते पुढे तिसऱ्या पायरीत सांगते.

२. लॅपटॉप तयार करा

विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. लॅपटॉप विंडोज ११ ला चालत नसेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका, जुन्या यंत्रावर ते हलकं चालतं. मग सेटिंगमध्ये तीन गोष्टी करा: झाकण बंद केल्यावर 'काही करू नका', चार्जिंगला लावलेला असताना झोप बंद, आणि बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय कंपनीने दिली असेल तर ती चालू.

जागा विचार करून निवडा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, टिनाच्या छताखाली तर विचारू नका. लॅपटॉप उंच फळीवर ठेवण्यापेक्षा खाली, भिंतीच्या सावलीच्या बाजूला, मागे हवा खेळेल असा ठेवा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा ओली असते, ओलाव्यासोबत धूळ आत जाऊन चिकटते. वर्षातून एकदा, उन्हाळा लागण्याआधी, पंखा साफ करून घ्या.

३. कॅलिबर बसवा आणि पुस्तकं आत घ्या

कॅलिबर हे ई-पुस्तकांचा संग्रह सांभाळणारं मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर आहे. कोविद गोयल यांनी अमेरिकेत शिकत असताना, २००६ मध्ये, स्वतःच्या ई-रीडरसाठी ते लिहायला घेतलं. आज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. लिनक्सवर ते सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घेऊ नका, तिथली आवृत्ती बहुधा जुनी असते. कॅलिबरच्या संकेतस्थळावर एक ओळ दिलेली आहे, ती टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवली की नवी आवृत्ती बसते.

पहिल्यांदा उघडल्यावर संग्रहाचं फोल्डर कुठे ठेवायचं ते विचारतं. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर ठेवा. नेटवर्कवरच्या डिस्कवर नको, ऑनलाइन साठवणुकीच्या फोल्डरमध्ये तर नकोच. कारण असं, की सगळ्या पुस्तकांची नावं, लेखक, विषय एका छोट्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. एका वेळी एकच कॅलिबर ती फाइल हाताळणार, हे गृहीत धरलेलं असतं. दोघांनी एकदम हात घातला की माझ्यासारखी गत होते.

पुस्तक एकदा आत गेलं की त्या फोल्डरमध्ये हाताने काही हलवू नका, नाव बदलू नका. कॅलिबर मराठी नावांची फोल्डरं इंग्रजी अक्षरांत करतं, ती वाचायला विचित्र दिसतात. दिसू द्या. सूचीत नाव मराठीच राहतं.

आता इथे थांबून मराठीपुरतं बोलायला हवं. इंग्रजी पुस्तकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनांत यातलं काहीच सापडत नाही, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला.

जुन्या फॉन्टची पीडीएफ. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये जुळवलेली पुस्तकं डोळ्यांना मराठी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या संदेशात चिकटवा. भलतीच अक्षरं उमटली तर ते पुस्तक पीडीएफच राहू द्या, ईपब या ई-पुस्तकांच्या फाइल-प्रकारात बदलायच्या मागे लागू नका. कधी ओळ मराठीत उमटते, पण पहिली वेलांटी जागा सोडते आणि 'शिक्षक'चं 'िशक्षक' होतं. अशी पीडीएफ बदलली तर पानोपानी चुका राहतात. स्कॅन केलेल्या पुस्तकात तर अक्षरं नसतातच, नुसती चित्रं असतात. टेसरॅक्ट नावाचं मोफत साधन मराठी ओळखतं, पण त्याने काढलेला मजकूर कुणीतरी बसून तपासावा लागतो. आम्ही वर्षाला दोन-तीन पुस्तकंच अशी करतो, आणि तीही गावात खरोखर वाचली जाणारी.

ईपब का हवं, तर पीडीएफचं पान पाच-सहा इंचांच्या मोबाईलवर मावत नाही. ईपबमध्ये अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. बाबा चष्मा विसरले तरी वाचतात.

'वऱ्हाड' सापडत नाही. हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. जुन्या पद्धतीत साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह. नव्या पद्धतीत टिंबवाला ऱ. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बऱ्याच ठिकाणच्या शोधात ते दोन वेगळे शब्द ठरतात. मी 'वऱ्हाड' शोधलं की अर्धी पुस्तकं यायची आणि बाकीची गेली कुठे ते कळायचं नाही. 'पऱ्हाटी', 'तऱ्हा', 'दुसऱ्या', 'कोऱ्या', सगळ्यांची हीच कथा. उपाय एवढाच, की नावं भरताना एकाच यंत्रावर, एकाच कीबोर्डने भरा, आणि दुसरीकडून चिकटवलेलं नाव पुन्हा टाइप करा.

सगळे महाराज 'म' खाली. कॅलिबर शेवटच्या शब्दाला आडनाव धरतं. 'राम गणेश गडकरी' याचं 'गडकरी, राम गणेश' नीट होतं, पण 'साने गुरुजी' यांचं 'गुरुजी, साने' होतं, आणि विदर्भातल्या वाचनालयात तर निम्मे संत 'महाराज' या आडनावाखाली एका रांगेत जाऊन बसतात. लेखकांची यादी उघडून 'ऑथर सॉर्ट' या रकान्यात हे हाताने दुरुस्त करा. तिथेच 'रा. ग. गडकरी', 'राम गणेश गडकरी' अशी एकाच माणसाची वेगळी नावं एक करून टाका. दोन लेखकांच्या मध्ये 'आणि' लिहू नका, अँडचं चिन्ह वापरा, नाहीतर दोघांचा मिळून एकच लेखक होतो.

पुस्तकाची माहिती नेटवरून आपोआप भरायची सोय कॅलिबरमध्ये आहे. मराठी पुस्तकांसाठी तिच्यावर अवलंबून राहू नका. पाहिलं नसलेलं मुखपृष्ठ चिकटतं, लेखकाचं नाव इंग्रजी होऊन येतं. दहा पुस्तकं भरली की एक चहा, या गतीने हातानेच भरा. आम्ही एक जादा रकाना करून त्यात दाखल क्रमांक टाकतो, कागदी पुस्तकांच्या दाखल नोंदवहीत असतो तसाच. त्यामुळे मुलं पुस्तक क्रमांकाने मागतात आणि गोंधळ होत नाही.

४. काय ठेवता येतं, काय नाही

हा भाग गाळू नका. आपल्या घरच्या संग्रहात विकत घेतलेलं पुस्तक ठेवणं वेगळं आणि गावाला वाटणं वेगळं.

भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, लेखकाच्या हयातीत छापलेल्या पुस्तकावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर येणाऱ्या १ जानेवारीपासून ६० वर्षं राहतो. गडकरी १९१९ मध्ये आपल्या सावनेरलाच गेले, त्यांचं लेखन केव्हाच मुक्त झालं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं २०११ पासून मुक्त आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे २०२८ अखेरपर्यंत हक्क आहे. विनोबा १९८२ मध्ये पवनारला गेले, त्यांच्या लेखनाला २०४२ अखेरपर्यंत थांबावं लागेल. हा हिशोब आमच्या वहीच्या पहिल्याच पानावर आहे, कारण गावात सगळ्यात आधी मागणी याच नावांना येते. अशा पुस्तकांच्या छापील प्रती आम्ही कपाटात ठेवतो. अजून एक, मूळ लेखन मुक्त झालं तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा आणि मुखपृष्ठ दुसऱ्या कुणाचं असू शकतं.

मराठी विकिस्रोतावरची पुस्तकं ईपबमध्ये थेट उतरवता येतात, सुरुवात तिथून करा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपली बरीच प्रकाशनं संकेतस्थळावर मोफत देतं, बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, ई साहित्य प्रतिष्ठानकडेही खूप काही आहे. पण मोफत वाचायला दिलं म्हणजे पुन्हा वाटायची परवानगी दिली असं नसतं. प्रत्येक ठिकाणच्या अटी वाचा. शंका असेल तिथे लेखकाला पत्र लिहा. आम्ही ज्यांना लिहिलं, त्यांतल्या बहुतेकांनी आनंदाने होकार कळवला.

परीक्षेच्या गाइडच्या चोरून केलेल्या पीडीएफ मुलं आणून देतात. त्या संग्रहात घेत नाही, हे मी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. 'ताई, सगळ्यांकडंच तर हाय' असं ऐकावं लागतं. ऐकायचं आणि नाहीच म्हणायचं.

कॅलिबरमध्ये एकापेक्षा जास्त संग्रह करता येतात. 'घर' आणि 'अभ्यासिका' असे दोन आधीच वेगळे करा.

५. वायफायवर संग्रह उघडा

कॅलिबरमध्येच सर्व्हर आहे, म्हणजे वायफायवरून संग्रह मोबाईलना दाखवणारी सोय. प्रेफरन्सेसमध्ये 'शेअरिंग ओव्हर द नेट' उघडा. युजरनेम आणि पासवर्ड लागेल, अशी खूण करा. कॅलिबर उघडल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा, अशीही करा. मग युजर अकाउंट्समध्ये वाचकांची खाती उघडा. प्रत्येक खात्याला कोणता संग्रह दिसेल ते ठरवता येतं, आणि बदल करायचा अधिकार काढून घेता येतो. वाचकांना फक्त वाचायचा अधिकार द्या. विहिरीवर एकच हात, हे इथेही आलं.

आता राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन लॅपटॉपला कायमचा पत्ता द्या. त्याला बहुतेक राऊटरमध्ये अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन म्हणतात. नाही दिला, तर राऊटर बंद-चालू झाल्यावर पत्ता बदलतो आणि सगळ्या मोबाईलवर 'उघडत नाही' सुरू होतं. समजा पत्ता १९२.१६८.१.५० ठरला, तर मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो लिहून पुढे अपूर्णविराम आणि ८०८० टाका. आकडे इंग्रजी कीबोर्डवरूनच टाइप करा, मराठी आकडे चालत नाहीत. संग्रह समोर उघडतो, पुस्तक तिथेच वाचता येतं.

उघडलं नाही तर तीन ठिकाणी पाहा. विंडोज असेल तर फायरवॉलने अडवलेलं असतं, कॅलिबरला खासगी नेटवर्कची परवानगी द्या. मोबाईल राऊटरच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर असेल तर लॅपटॉप दिसत नाही. आणि तिसरं, ज्याने मला पंधरा दिवस रडवलं: राऊटरला इंटरनेट नसलं की अँड्रॉइड मोबाईल 'या वायफायवर इंटरनेट नाही' म्हणून गुपचूप मोबाईल डेटावर जातो, आणि तिकडून हा पत्ता कधीच उघडत नाही. विचारलं तर 'तरीही जोडून ठेवा' निवडा, नाहीतर तेवढा वेळ मोबाईल डेटा बंद करा. आमच्या अभ्यासिकेच्या दारावर हे मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे.

६. वाचायला केओरीडर

ब्राउझरमधलं वाचन अभ्यासिकेत बसून ठीक आहे, पण वावरात जायचं तर पुस्तक टॅबलेटमध्ये उतरलेलं हवं. त्यासाठी मी केओरीडर हे पुस्तकं वाचायचं अ‍ॅप वापरते. मोफत आहे, अँड्रॉइडवर, कोबो आणि पॉकेटबुकच्या ई-रीडरवरही चालतं. त्याच्या शोधाच्या मेनूत ओपीडीएस कॅटलॉग असतो, दुसऱ्या यंत्रावरच्या पुस्तकांची यादी त्यातून दिसते. तिथे नवीन कॅटलॉग जोडा, मघाचाच पत्ता लिहा, पुढे तिरकी रेघ आणि ओपीडीएस ही चार अक्षरं इंग्रजीत, लहान लिपीत. नाव-पासवर्ड टाका. संग्रह याद्यांसह समोर येतो, बोट लावलं की पुस्तक उतरतं. मग रेंज नको, वायफाय नको.

जोडाक्षरं फुटलेली दिसली तर मुक्ता किंवा नोटो सेरिफ देवनागरी हे मोफत फॉन्ट उतरवून केओरीडरच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाका आणि मेनूतून निवडा. पुस्तकाने स्वतःचा फॉन्ट लादला असेल तर तो वापरू नका, अशी सोय त्याच्या शैलीच्या मेनूत आहे.

७. कुठपर्यंत वाचलं ते सगळीकडे एकच राहावं

इथे लोक सगळ्यात जास्त अडकतात, कारण दोन वेगळ्या व्यवस्था असतात आणि त्या एकमेकींशी बोलत नाहीत. कॅलिबरच्या ब्राउझरमध्ये वाचलं, तर जागा त्या खात्याच्या नावाने लॅपटॉपवर राहते, आणि दुसऱ्या मोबाईलवर त्याच खात्याने गेलात तर तिथून पुढे वाचता येतं. म्हणूनच प्रत्येकाला वेगळं खातं द्या. वीस जण एकाच खात्यावर असले की कुणाचीच जागा राहत नाही. केओरीडरमध्ये वाचलं, तर त्याची स्वतःची प्रोग्रेस सिंक, म्हणजे वाचनाची जागा यंत्रायंत्रांत जुळवायची सोय, आहे, तिच्यासाठी नोंदणी करून दोन्ही यंत्रांवर एकाच नावाने आत जावं लागतं. एका वाचकाने दोन्हींपैकी एकच धरायचं.

केओरीडर दोन यंत्रांवरचं पुस्तक एकच आहे हे कसं ओळखतं, ते समजून घ्या. मूळ सेटिंगमध्ये ते फाइलचा आतला मजकूर तपासतं. पण कॅलिबर पुस्तक देताना त्यात ताजं नाव, लेखक, मुखपृष्ठ भरून देतं. म्हणजे सोमवारी मोबाईलवर पुस्तक घेतलं, मंगळवारी मी लेखकाचं नाव दुरुस्त केलं, बुधवारी टॅबलेटवर घेतलं, तर पुस्तक एकच असूनही फाइल दोन. बाबांची जागा याचमुळे जुळत नव्हती. त्यावर असं करा: जुळवणी फाइलच्या नावाने करण्याचा पर्याय निवडा, आणि नावं आधी पक्की करून मगच पुस्तक वाटा.

ही सिंक व्हायला इंटरनेट लागतं, कारण मूळ सेटिंगमध्ये ती केओरीडरच्या सार्वजनिक सर्व्हरवरून होते. बाबा जागलीहून सकाळी घरी आले की टॅबलेट मोबाईलच्या हॉटस्पॉटला जोडतात, मिनिटभरात काम होतं. स्वतःचा सिंक सर्व्हर लॅपटॉपवर बसवता येतो, पण पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

८. दुसरी प्रत सिंकथिंगने

अभ्यासिकेचा संग्रह घरच्या लॅपटॉपवरही असावा म्हणून सिंकथिंग वापरा. ते मधल्या कुठल्याही कंपनीकडे फाइल न ठेवता दोन यंत्रांना थेट जोडतं, आणि दोन्ही एकाच वायफायवर असतील तर इंटरनेटशिवाय चालतं. दोन्ही यंत्रांची ओळख-संख्या एकमेकांना द्यायची, मग संग्रहाचं फोल्डर वाटायचं. मूळ लॅपटॉपवर प्रकार 'सेंड ओन्ली', दुसऱ्यावर 'रिसीव्ह ओन्ली'. मूळ सेटिंग दोन्ही बाजूंनी बदल होऊ देण्याचं असतं, ते तसंच सोडू नका.

कॅलिबर उघडं असताना सिंक होऊ देऊ नका, सूचीची फाइल अर्धवट जाऊ शकते. आम्ही रविवारी संध्याकाळी नवीन पुस्तकं भरतो, कॅलिबर बंद करतो, तासभर सिंकथिंग चालवतो, मग कॅलिबर पुन्हा सुरू.

मोबाईलवर अख्खा संग्रह पाठवू नका. ईपब एक-दोन एमबीचं असतं, पण स्कॅन केलेली एक पीडीएफ शंभर एमबीच्या वर जाते. अँड्रॉइडवर सिंकथिंग हवंच असेल तर मूळ अ‍ॅप डिसेंबर २०२४ पासून बंद आहे, सिंकथिंग-फोर्क नावाचं घ्या.

९. गावाबाहेरून पाहायचं असेल तर

माझा भाऊ नागपूरला शिकतो, त्याला घरचा संग्रह हवा होता. नेटवरची मार्गदर्शनं राऊटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची वाट, उघडायला सांगतात. मोबाईल नेटवर चालणाऱ्या राऊटरला बहुधा स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो, एका पत्त्यामागे हजारो ग्राहक असतात, त्यामुळे ते होत नाही. झालं तरी करू नका, तुमचा लॅपटॉप साऱ्या जगासमोर उघडा पडतो. त्याऐवजी टेलस्केल हे आपल्याच यंत्रांना खासगी वाटेने जोडणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर आणि भावाच्या मोबाईलवर बसवलं, दोन्हीकडे एकाच खात्याने आत गेलो, १०० पासून सुरू होणारा पत्ता मिळाला, पुढे ८०८०. घरगुती वापराला मोफत आहे. फक्त 'घर' संग्रहासाठी वापरा.

१०. बॅकअप, आणि तो उघडून पाहणं

सिंकथिंग म्हणजे बॅकअप नाही. मूळ संग्रहातलं पुस्तक चुकून पुसलं तर ते दुसरीकडूनही पुसलं जातं. म्हणून दोन डिस्क. महिन्याच्या पहिल्या रविवारी कॅलिबर बंद करून अख्खं फोल्डर एका डिस्कवर, पुढच्या महिन्यात दुसऱ्या डिस्कवर. एक डिस्क अभ्यासिकेत, दुसरी घरी. नवीन डिस्क स्वस्तात मिळाली म्हणून घेऊ नका. मी तालुक्याच्या एका दुकानातून घेतलेली एक टीबीची डिस्क सगळं कॉपी झाल्याचं दाखवत होती, पण अर्ध्या फाइल उघडत नव्हत्या. तेव्हापासून नवीन डिस्क आधी पूर्ण भरून, मधलीच दहा पुस्तकं उघडून पाहते, मगच वापरते.

वर्षातून एकदा, पेरणीच्या आधी, ती डिस्क तिसऱ्याच कुठल्या लॅपटॉपला लावा. फोल्डर त्याच्यावर कॉपी करा, कॅलिबर बसवा, 'स्विच लायब्ररी'ने ते फोल्डर दाखवा. लेखक, विषय, दाखल क्रमांक सगळं जागेवर आलं तर बॅकअप खरा. ही तपासणी दर वर्षी अभ्यासिकेतल्या वेगळ्या मुलाकडून किंवा मुलीकडून करून घ्या, तुम्ही नुसते बाजूला बसा. भरतीत निवड झाली की मुलं गाव सोडतात, तुम्हीही कधी आजारी पडाल, आणि वही वाचून हे चालवू शकेल असं निदान एक माणूस गावात कायम हवं.

पावसाळ्याचं एक राहिलं. ढग गडगडायला लागले की लॅपटॉपचं चार्जर आणि राऊटरची वायर भिंतीतून काढा, नेटची केबल बाहेरून येत असेल तर तीही. बॅटरीवर दोन तास सहज जातात. आमच्याकडे हे काम अभ्यासिकेत दाराजवळ जो बसला असेल त्याचं आहे, आणि वहीच्या शेवटच्या पानावर वायर कोणत्या क्रमाने पुन्हा लावायच्या त्याचं चित्र काढलेलं आहे.